कडूबाचं नाव कुणी खाल्लं

सत्यशीलाला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा नवरा सोमनाथ लोडिंग रिक्षा चालवतो. घरी आल्यावर मोरीतून घासणीचा आवाज जोरात येत असला, तर तो चपला न काढता तसाच मागं फिरतो आणि कोपऱ्यावर चहा पिऊन येतो. पण गेल्या काही वर्षांत भांडी इतकी लख्ख झाली की तव्यातसुद्धा तोंड दिसायला लागलं, आणि तरी राग काही उतरेना. कारण हा राग माणसावरचा नव्हता. माणसावर रागावलं तर ते उलटून भांडतं, नाहीतर गप बसतं, आणि दोन्हीनं राग निवतो. हा राग पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचा होता. ते मेलं भांडायचंही नाही आणि गप्पही बसायचं नाही. वर गोड बोलायचं.

तशी ती मुंजाबाची लेक. मुंजाबानं उभा जन्म खुलताबादच्या डोंगराखाली मेंढरांमागं काढला. सुगी उरकली की शेतकरी त्याला बोलावून न्यायचे, मेंढरं रानात बसवून घ्यायचे, आणि त्या लेंडीखताबद्दल ज्वारी द्यायचे. पोरीनं काठी धरू नये म्हणून त्यानं तिला खुलताबादला मावशीकडं ठेवली. दहावी झाली, मग शहरात क्रांती चौकातल्या टायपिंगच्या क्लासला घातली. त्या मशीनच्या कळा एवढ्या कडक की तिची बोटं सुजून वांगी झाली. पण मशीन इमानी होतं. जी कळ दाबली तेच अक्षर उमटायचं, आणि एकदा उमटलं की खोडरबरानं कागद फाटेल पण अक्षर जायचं नाही.

लग्नानंतर सोमनाथनं कुठल्याशा बंद पडलेल्या हापिसातला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. पुढच्या खोलीत टेबल मांडलं, दाराला पाटी लावली, आणि सत्यशीला लग्नपत्रिका टाईप करायला बसली. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, बरं का. गणपती काय, कुणीही वर डकवील. खाली नावं लावायची असतात. थोरला चुलता कितव्या ओळीत, आत्याच्या मालकाचं नाव कुठं, कोण कुणाशी बोलत नाही, मग त्यांची नावं शेजारी नकोत. नाव चुकलं तर माणूस लग्नाला येत नाही. आलंच तर जेवत नाही. आणि जेवलंच तर वर्षभर सांगत फिरतं. सत्यशीलाच्या हातून असं नाव कधी चुकलं नव्हतं. म्हणून खुलताबादकडची माणसं वाटेतली चार दुकानं सोडून तिच्याकडं येत.

पहिला कॉम्प्युटर म्हातारा होऊन गेला. दुसरा आला, तोही चांगला चालला. बटण दाबलं की उठायचा, काम करायचा, बंद केला की झोपायचा. मग एकाएकी त्याच्या अंगात आलं. एक दिवस तिनं उघडला तर खालच्या पट्टीवरची डावीकडची चित्रं मधोमध येऊन बसलेली. तुम्ही रोज स्वयंपाक करताय आणि रात्रीतून कुणी येऊन तुमचा ओटा सरकवून ठेवला, तर कसं वाटेल? वर सांगतो काय, आम्ही तुमच्यासाठी नवं केलंय. मग तिच्याच मशीनमध्ये शिरायला तिलाच ईमेल आणि पासवर्ड मागायला लागला. मग काम करता करता कोपऱ्यातून कुठल्या नटीच्या बातम्या, कुठं पाऊस, कुठली मोटार घ्या. ते मिटवावं तर दोन दिवसांनी पुन्हा हजर. मग एक मदतनीस आला, न बोलावलेला. 'मी तुमचं लिहिणं सुधारून देऊ का?' लग्नपत्रिकेत सुधारायचं काय, मेल्या? नवरी बदलू?

सगळ्यात वाईट ती खिडकी. अमुक करायचं का म्हणून विचारायची, आणि खाली दोनच बटणं. 'आता' आणि 'नंतर'. नको म्हणायला जागाच नाही.

"सासऱ्यानंसुद्धा मला असं कोंडीत धरलं नव्हतं," ती सोमनाथला म्हणाली.

"मंग नंतर दाब ना," सोमनाथ म्हणाला.

"नंतरच दाबते रोज. नंतर म्हणजे होच असतो, एवढं कळतं मला."

वैतागून तिनं शिवराजला बोलावलं. शिवराज गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पोरगा गुणी, पण बोलताना पडद्याकडं बघून बोलतो.

"मावशी, एक फुकटातली दुसरी सिस्टिम असते. ती टाकू का? ती असला त्रास देत नाही."

"टाक की मग."

"पण तुमचं पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर त्यात चालायचं नाही. आणि तुमचे ते जुने मराठी फॉन्टपण नाही."

"मग पत्रिका कशानं करू, कोळशानं?"

शिवराज हसला. सत्यशीला हसली नाही. सासरी नांदवत नाहीत आणि माहेरचं दार बंद, अशी गत. त्या दिवशी पितळी घागरही घासून झाली.

हे असं चाललेलं असताना तात्यासाहेब औताडे आले.

तात्यासाहेब म्हणजे खुलताबादच्या अलीकडचे मोठे शेतकरी. मुंजाबाची मेंढरं दरवर्षी त्यांच्याच रानात बसायची, त्यामुळं सत्यशीलाला त्यांनी परकरात बघितलेली. त्यांच्या नातीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं होतं. मुलगा ऋतुराज, नोकरीवाला. पत्रिका टाईप झाली, कागदावर छापून तात्यासाहेबांना वाचायला दिली. त्यांनी चष्मा लावून सगळी नावं वाचली, मान हलवली, आणि निघता निघता दारातून परत आले. खुर्चीत बसले. काठी दोन पायांत धरली.

"एक नाव राहिलं," ते म्हणाले. "कडूबाचं घाल."

सत्यशीलाचे हात कळांवरच थांबले. कडूबा म्हणजे तात्यासाहेबांचा धाकटा, पाठचा भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं फाटलं, त्याला एक पिढी होत आली. बांधाला बांध, पण भावकीतल्या मयतीलासुद्धा परस्पर जायचे.

"कुठं घालू?"

"सगळ्यात वर. निमंत्रकात पहिलं."

"तुमच्याही वर? तात्यासाहेब, धाकट्याचं नाव थोरल्याच्या डोक्यावर कुणी घालतं का?"

"तू घाल. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो."

तिनं घातलं. त्यांनी उठून, पडद्याला नाक लागेल इतकं जवळ जाऊन ते वाचलं. श्री. कडूबा औताडे. मग खाली त्यांचं स्वतःचं. "हां," एवढंच म्हणाले आणि गेले. सत्यशीलानं ते जपून ठेवायचं बटण दाबलं. दोनदा दाबलं. तिची सवयच ती, कुलूप लावल्यावर ओढून बघावं तशी.

सकाळी सोमनाथ रिक्षा चालू करून दारात उभा. छापखानेवाला फोनवर फोन करतोय. मशीन रात्रीतून आपलं आपण बंद होऊन उठलेलं, आणि पडद्यावर लिहिलेलं: तुमच्या कागदांची आता काळजी नको, ते आम्ही वर ढगात सुरक्षित ठेवले आहेत. ढगात म्हणे. आमच्या मराठवाड्यातले ढग पाणी सांभाळीत नाहीत, ते हिचे कागद काय सांभाळणार. पण तेवढा विचार करायला वेळ कुणाला होता? फाईल जागेवर होती, नाव तेच होतं. तिनं ती पेनड्राइव्हवर घेतली, सोमनाथच्या हातात दिली. उघडून बघितली नाही. बघायचं काय, तात्यासाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पास केलेली.

पत्रिका छापून आल्या. औताड्यांच्या घरची रीत अशी, की पत्रिकांचा गठ्ठा भद्रा मारुतीपुढं ठेवल्याशिवाय त्याचा दोरा सोडायचा नाही. पहिली पत्रिका देवाला, आणि देवाआधी माणसानं ती वाचायची नाही. दुसरी पत्रिका भाऊबंदात मानाच्या माणसाला. तात्यासाहेबांनी गठ्ठा देवापुढं सोडला, पहिली ठेवली, दुसरीला हळदकुंकू लावलं, आणि कुणाला न सांगता कडूबाच्या वस्तीवर गेले. एका पिढीनंतर भावाच्या अंगणात पाय.

कडूबानं बसा म्हटलं नाही, पण जा पण म्हटलं नाही. त्याची बायको दगडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तात्यासाहेब म्हणाले, "वाच. नावं वाच."

कडूबानं वाचलं. वरचं नाव तात्यासाहेबांचं होतं. मग तो खालची वाचत गेला. चुलते, मामे, आत्याचे मालक, मुंबईचे, पुण्याचे, पार पोराटोरांची 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत. शेवटाला पोचला, पत्रिका पालथी करून मागची बाजू पण बघितली, आणि तात्यासाहेबांच्या हातात परत दिली.

"एवढ्या लांब हेच दाखवाया आला व्हय," तो म्हणाला. "हे मला घरबसल्या ठाऊक व्हतं."

दगडाबाईनं तांब्या तसाच आत नेला.

दुपारी तात्यासाहेब सत्यशीलाच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. "माझ्या डोळ्यांदेखत घातलंस," ते म्हणाले. "मी बघितलं. मग कुणी काढलं? कुणाचं ऐकलंस?"

"तात्यासाहेब, मी कुणाचं..."

"म्हाताऱ्या माणसाला भावापुढं खोटा पाडलास. मुंजाबा असता तर त्याला विचारलं असतं."

एवढं बोलून गेले. आणि संध्याकाळपर्यंत दुसरंही बोलणं तिच्यापर्यंत येऊन पोचलं. कडूबा गावात म्हणत होता, की पूर्वी मुंजाबाची मेंढरं माझ्या तुरीत शिरली होती, मी त्याला बोललो होतो, त्याच्या लेकीनं आज डाव साधला. तात्या आणि ती, दोघांनी मिळून माझा तमाशा केला.

सत्यशीला मोरीत गेली. भांडं हातात घेतलं, तसंच ठेवलं, आणि मशीनपुढं येऊन बसली. फाईल उघडली. कडूबाचं नाव नव्हतं. कधी नव्हतंच असं ते पान तिच्याकडं बघत होतं. तिनं शिवराजला ओढून आणलं.

शिवराजनं इकडं तिकडं दाबलं. "मावशी, यानं तुमच्या फाईली वर नेल्या. नेताना आदल्या दुपारची नेली, नाव घालायच्या आधीची. मग मशीन रात्री बंद-चालू झालं तेव्हा वरची ती जुनी खाली आणून तुमच्या नव्यावर ठेवली. नवी गेली नाही, वर कुठंतरी असेल. जुन्या प्रती ठेवतं ते."

"मी त्याला न्यायला सांगितलं होतं?"

"तुम्ही कधीतरी हो केलं असणार. ते विचारल्याशिवाय नाही करत."

"हो केलं?" सत्यशीला उभी राहिली. "अरे, दुसरं बटणच नव्हतं. तू माझ्या गळ्यावर पाय देऊन विचारलंस की जीव देतेस का, आणि मी नंतर म्हटलं, तर ते हो झालं का?"

"मी नाही मावशी, मशीन..."

"तू त्याचा वकील आहेस का? मग त्याच्या बाजूनं कामून बोलतो?"

पोराचा काही दोष नव्हता, पण तोंड असलेलं तिथं तेवढंच होतं.

रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट. नाव घातलेलं पान आत कुठंतरी आहे. ते कडूबाला दाखवायचं. नुसता कागद नेला तर म्हणेल आत्ता टाईप केला, म्हणून मशीनमध्येच दाखवायचं. कडूबाला पटलं, की भावानं नाव दिलं होतं, तर बाकी सगळं आपोआप सुटेल. नाही पटलं तर संस्कृतीच्या लग्नात तो यायचा नाही, तात्यासाहेब मरेपर्यंत खोटे, आणि खुलताबादच्या वाटेवर मुंजाबाचं नाव घेताना लोक थुंकतील. सकाळी तिनं सोमनाथला सांगितलं, रिक्षा काढ.

"शिवराजकडं न्यायचं?"

"कडूबाच्या वस्तीवर. सगळं. पडदा, डबा, तारा, सगळं."

गोधडीत गुंडाळून, आजारी म्हातारीला न्यावं तसं त्यांनी ते मशीन लोडिंगच्या रिक्षात घातलं. वाटेत तात्यासाहेबांचं घर लागलं. सत्यशीला आत गेली आणि म्हणाली, "चला. तुम्हाला खोटं पाडलं म्हणताय ना. ज्यानं पाडलं त्याला घेऊन चाललेय." तात्यासाहेबांना काही कळलं नाही, पण तिचं तोंड बघून ते काठी घेऊन रिक्षात बसले.

कडूबाच्या वस्तीवर पोचल्यावर मात्र ते उतरून बांधावरच्या लिंबाखाली बसले. पुढं येईनात.

कडूबा ओसरीत बसला होता. गोधडीतून निघालेला पडदा बघून म्हणाला, "हे काय आणलं? लग्नात रुखवत मांडत्यात, तसं माझ्या दारात मांडतीस का?"

"काका, पाच मिनिटं द्या. तुमचं नाव यात आहे. तुमच्या डोळ्यांनी बघा, मग काय म्हणायचं ते म्हणा."

दगडाबाईनंच ओसरीतला बोर्ड दाखवला. सोमनाथनं तारा जोडल्या. सत्यशीलानं बटण दाबलं.

पडदा निळा झाला. त्यावर एक गोल फिरायला लागला. खाली लिहिलं होतं: थोडं थांबा, नवीन गोष्टी बसवत आहोत. मशीन बंद करू नका.

"काय म्हणतंय?" कडूबानं विचारलं.

"थांबा म्हणतंय."

"किती?"

"सांगत नाही."

थांबले. दगडाबाईनं चहा ठेवला, कारण दारात आलेल्याला किती वेळ नुसतं बघत बसायचं. शेजारच्या वस्तीवरचा सखाराम आला आणि तोही बसला. गोल फिरतच होता. खालचा टक्क्यांचा आकडा थोडा वर चढला आणि तिथंच मुक्काम करून बसला.

"आमचा बैल असाच बसायचा," सखाराम म्हणाला. "शेपटी पिरगाळली की उठायचा. याला शेपूट कुठं हाय?"

"गप रे," कडूबा म्हणाला. पण त्याचेही डोळे पडद्यावर होते.

चहा झाला. पडदा काळा झाला, पुन्हा निळा झाला, आणि मशीन उठलं. सत्यशीला पुढं सरसावली. वर मोठ्या अक्षरात आलं: नमस्कार! चला, तुमचा कॉम्प्युटर आणखी छान करू या. मग विचारलं, ढगात जास्तीची जागा विकत घेता का? आता की नंतर. तिनं नंतर दाबलं. मग म्हणालं, तुमचं मशीन जुनं झालं आहे, पुढच्या आवृत्तीसाठी पात्र नाही, नवीन मशीन बघायचं का? आता की नंतर. तिनं नंतर दाबलं. मग मदतनीस आला, मी काही मदत करू का? तिनं त्याला मिटवलं. एकदाची फाईलीची जागा उघडली. फाईलीच्या नावापुढं एक छोटा ढग होता. तिनं दाबलं. मशीन म्हणालं, ही फाईल उघडण्यासाठी इंटरनेट लागेल.

वस्तीवर रेंज नव्हती. सोमनाथ फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला, तिथून मान हलवून नाही म्हणाला.

"म्हंजे नाय ना दाखवत," कडूबा म्हणाला. "मला वाटलंच. मुंजाबाची लेक..."

"माझ्या बापाचं नाव घेऊ नका."

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण दगडाबाई दारात थांबली.

"काका, माझ्या बापाची मेंढरं तुमच्या तुरीत शिरली होती. खरंय. तुम्ही शिव्या दिल्या, त्यानं खाल्ल्या, आणि पुढच्या वर्षी तुमच्या रानात मेंढरं फुकट बसवली. त्यानं एक शीळ घातली की सगळी मेंढरं थांबायची. त्याचं जनावर त्याचं ऐकायचं. हे माझ्या घरात आहे, माझी लाइट खातंय, आणि ऐकतंय कुणाचं? कुणाचं ते मलाच माहीत नाही. तुम्ही म्हणता मी कुणाचं ऐकून नाव काढलं. अहो, मला माझ्याच घरात माझ्या मनानं नको म्हणता येत नाही, मी दुसऱ्याचं ऐकून काय काढणार? तुमच्या दारात रोज एकजण येऊन म्हणाला, जमीन आता देता की नंतर देता, तर काय कराल?"

"काठी काढीन," कडूबा म्हणाला.

"मी कुणावर काढू? त्याला तोंड नाही, पाठ नाही. मी नाव घातलं, दोनदा जपून ठेवलं, यानं ते रात्रीतून खाल्लं आणि सकाळी म्हणालं काळजी नको. शिवराज म्हणतो तुम्हीच हो म्हटलं. तात्यासाहेब म्हणतात तूच काढलं. तुम्ही म्हणता डाव साधला. ज्यानं खाल्लं ते इथं बसून नमस्कार घालतंय, आणि पुसताय सगळे मला."

मशीननं तेवढ्यात पुन्हा एक खिडकी उघडली. सत्यशीलानं ती वाचली नाही. भिंतीतून वायर अशी उपटली की बोर्डाचं झाकण हातात आलं.

मग दगडाबाई म्हणाली, "खोटं बोलणाऱ्या बाईला एवढा राग येत नाय. ती रडती."

कडूबा उठला. सत्यशीलापाशी आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "नाव कुठं व्हतं? हळू सांग. तात्याच्या कानावर जाऊ देऊ नको."

तिनं सांगितलं. कडूबानं तिच्याकडं एकदा नीट बघितलं. मग धोतराचा सोगा धरून तो बांधाकडं गेला. लिंबाखाली तात्यासाहेब बसलेले. ओसरीतून सगळे बघत होते, आणि वारं तिकडून इकडं असल्यामुळं ऐकूही येत होतं.

"तात्या, माझं नाव कुठं घातलं व्हतं?"

"सगळ्यात वर."

"तुझ्या वर?"

"माझ्या वर."

"कामून?"

"खाली घातलं असतं तर तू आला नसतास."

"वर घातलं असतं तरी आलो नसतो."

"तेबी ठाऊक व्हतं."

"मंग छापून आल्यावर पत्रिका वाचली कामून नाय?"

"देवाच्या आधी मी कसा वाचू? घरची रीत हाय. तिथून नीट तुझ्याकडंच आलो."

"मंग देवानं तरी वाचायची," कडूबा म्हणाला आणि त्याच्या शेजारी बांधावर बसला. जरा अंतर ठेवून. पण बसला.

त्या दिवशी लग्नाला येतो की नाही, यावर तो एक शब्द बोलला नाही. सत्यशीलानं झाकण सोमनाथच्या हातात दिलं, मशीन गोधडीत गुंडाळलं, आणि परत निघाली. तात्यासाहेबांची समजूत पटली होती, पण पत्रिका चुकलेल्याच होत्या, आणि ज्याचं नाव गळलं तो अजून हो म्हणाला नव्हता.

घरी आल्यावर तिनं शिवराजकडून एक काम करून घेतलं. मशीनला बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढून टाकली. वरचं पान वरच राहू दे म्हणाली, मला त्याची भीक नको. शिवराजनं पडद्याकडं बघत सांगितलं, "मावशी, हे आता रोज म्हणेल तुम्ही धोक्यात आहात."

"मी धोक्यात होते ते तेव्हा याला दिसलं नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पत्रिका मुळापासून पुन्हा टाईप करत होती, तेव्हा दारात सावली पडली. कडूबा होता. खुलताबादवरून पहिल्या एसटीनं आलेला, पायाला धूळ. आत आला, खुर्ची ओढली आणि मशीनपुढं बसला.

"काका, चहा टाकू?"

"आधी नाव टाक."

तिनं टाकलं. श्री. कडूबा औताडे, सगळ्यात वर. त्यानं ते वाचलं. मग म्हणाला, "खाली घे."

"खाली?"

"तात्याच्या खाली. थोरला हाय तो. लोक त्याला हसतील. एवढं सारं रामायण झालं, आन आता मीच भावाच्या डोक्यावर बसू का?"

तिनं नाव खाली घेतलं. जपून ठेवलं. दोनदा. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण आली.

"काय म्हणतंय?"

"तुम्ही सुरक्षित नाही म्हणतंय. नवं मशीन घ्या म्हणतंय."

"त्याला सांग, माझं नाव हलवलं तर तेच सुरक्षित राहायचं नाय." असं म्हणून कडूबानं आपलं जाड बोट पडद्यावर, बरोबर आपल्या नावावर टेकवलं. "दाब. काढ कागद."

"काका, बोट ठेवून काही होत नाही. ते तसं चालत नाही."

"ते कसं चालतं ते तुला तरी ठाऊक हाय का?"

तिनं छपाईचं बटण दाबलं. प्रिंटर खडखडला, थांबला, पुन्हा खडखडला. कागद हळूहळू बाहेर यायला लागला, आणि तो पूर्ण बाहेर पडून सत्यशीलानं वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवेपर्यंत कडूबानं बोट उचललं नाही.